जुनी ग्रँड विटारा २.४ पेट्रोल की जुनी डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह डिझेल?

मावसभावाने दोन जुन्या गाड्यांवर येऊन घोडं अडवलंय आणि गेले पंधरा दिवस रोज रात्री जेवण झालं की मला फोन करतोय. एक सुझुकी ग्रँड विटारा, २.४ पेट्रोल, मॅन्युअल. दुसरी रेनो डस्टर, १.५ डिझेल ११० पीएस, ऑल व्हील ड्राइव्ह. त्याचं म्हणणं असं की दोन्हीच्या चारही चाकांना ताकद जाते, दोन्हीत पाच माणसं बसतात, दोन्ही साधारण सारख्याच उंच, मग जी स्वस्तात मिळेल ती उचलू. म्हटलं बाबा थांब, या दोन गाड्या बाहेरून भाऊभाऊ वाटल्या तरी खालून एकमेकींच्या नात्यातल्या पण नाहीत. ते सगळं फोनवर तुकड्यातुकड्यात सांगून माझा घसा बसला, म्हणून इथे एकदाच सविस्तर लिहितोय, आणखी कुणी याच पेचात असेल तर त्यालाही उपयोग होईल.

आधी नावांचा घोळ मिटवू. ग्रँड विटारा म्हणजे मी २००५ ला आलेल्या पिढीबद्दल बोलतोय, २.४ इंजिन त्यात २००८ च्या सुमाराला आलं, त्याआधी २.० होतं. २०२२ ला याच नावाने जी नवीन गाडी आली तिचा या जुनीशी नावापुरताच संबंध, ती मुळात पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, त्यामुळे तिचे व्हिडिओ बघून जुनीबद्दल मत बनवू नका. डस्टर म्हणजे पहिली पिढी, २०१० ला डाशिया या नावाने सुरू झालेली आणि बऱ्याच देशांत रेनोच्या बिल्ल्याने विकलेली. आणि एक गंमत, ग्रँड विटाराचं जे १.९ डिझेल काही देशांत मिळायचं ते इंजिन रेनोचंच होतं, आणि डस्टरचं हे १.५ डिझेल सुझुकीने युरोपात जिम्नीला बसवलं होतं. म्हणजे दोन्ही घरं आधीपासूनच एकमेकांची व्याही. पण आपल्यासमोर आहे ते सुझुकीचं स्वतःचं पेट्रोल आणि रेनोचं डिझेल, तेवढंच धरून बोलू.

आता ड्राइव्हट्रेन. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो आणि लोक नेमकं इथेच "फोर बाय फोर आहे" एवढं ऐकून पुढे जातात. ग्रँड विटारामध्ये इंजिन उभं बसवलंय, म्हणजे लांबीच्या दिशेने, त्याच्या मागे गिअरबॉक्स, मग ट्रान्सफर केस (पुढे मागे ताकद वाटणारा डबा), तिथून एक शाफ्ट पुढे आणि एक मागे. चारही चाकांना कायम ताकद, बंद करायची सोयच नाही. मधे सेंटर डिफरन्शियल आहे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, आणि ताकद पुढे ४७ मागे ५३ टक्के अशी वाटली जाते, त्यामुळे वळणात गाडी मागून ढकलल्यासारखी जाते, पुढून ओढल्यासारखी वाटत नाही, ज्याने आयुष्यभर पुढच्या चाकांवरची हॅचबॅक चालवलीय त्याला पहिल्या दहा मिनिटांत फरक कळतो. डॅशबोर्डवर एक गोल नॉब, त्यावर ४एच, ४एच लॉक, न्यूट्रल आणि ४एल लॉक. रोजच्या वापराला ४एच. चिखल, बर्फ, वाळू लागली की ४एच लॉक, म्हणजे मधलं डिफरन्शियल लॉक होऊन पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. आणि ४एल म्हणजे लो रेंज, सगळे गिअर जवळपास दुप्पट खाली येतात, गाडी गोगलगाईच्या चालीने पण बैलाच्या ताकदीने चढते. कोरड्या डांबरावर मात्र लॉकमध्ये वळायचं नाही, चाकं घसरायला जागा मिळत नाही, सगळा ताण शाफ्ट आणि गिअरांमध्ये साठतो, गाडी आखडते, आणि जबरदस्ती केली तर काहीतरी महागाचं तुटतं.

डस्टरचं गणित उलटं. इंजिन आडवं, मूळ गाडी पुढच्या चाकांची. गिअरबॉक्सला चिकटून एक छोटा डबा आहे जो मागे जाणारा शाफ्ट फिरवतो, आणि मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी इलेक्ट्रोमॅग्नेटिक क्लच, हा माल निसानकडून आलेला. नॉब इथेही आहे, २डब्ल्यूडी, ऑटो आणि लॉक. २डब्ल्यूडीत ठेवली तर ती साधी पुढच्या चाकांची गाडी. ऑटोत ठेवली की कंप्युटर चाकांचा वेग बघत बसतो आणि पुढचं चाक घसरायला लागलं की क्लच आवळून मागे ताकद पाठवतो. लॉकमध्ये कमी स्पीडला पुढे मागे निम्मं निम्मं, स्पीड वाढला की ती स्वतःच ऑटोवर येते. लो रेंज नाही, पण त्यांनी एक हुशारी केलीय, सहा गिअरच्या बॉक्समध्ये पहिला गिअर मुद्दाम एवढा आखूड ठेवलाय की हजार आरपीएमला गाडी फक्त ५.७९ किमी वेगाने जाते. क्लच सोडून पाय बाजूला घेतले तरी माणूस झपझप चालेल तेवढ्या वेगाने ती खडीवरून सरकत राहते. सपाट रस्त्यावर मात्र हा पहिला गिअर दोन सेकंदात संपतो, म्हणून डस्टरवाले बरेच जण सिग्नलला सरळ दुसऱ्यावरच उचलतात, तुम्हालाही आठवडाभरात तीच सवय लागेल.

मग प्रत्यक्षात फरक कुठे पडतो? ओलं गवत, पावसातला चढ, शेतातला कच्चा रस्ता, थोडा बर्फ, हे डस्टर हसत खेळत करते, उलट ती हलकी असल्यामुळे काही ठिकाणी विटारापेक्षा बरी जाते. ग्राउंड क्लिअरन्स डस्टरला २१० मिमी, विटाराला २००, म्हणजे तिथे काही रडायला नको. विटारा पुढे जाते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे खूप वेळ चालणारा त्रास, लांबलचक वाळू किंवा खोल चिखल जिथे पाच दहा मिनिटं सलग चाकं घसरतच राहणार. डस्टरसारख्या सिस्टीममध्ये क्लच तापतो आणि तापला की स्वतःला वाचवायला सुटतो, मग तुम्ही वाळूत फक्त पुढच्या चाकांवर, आणि क्लच थंड होईपर्यंत खाली उतरून गप्पा मारायच्या. विटारामध्ये मधे लॉक आहे, तापून सुटेल असा क्लच नाही. दुसरं म्हणजे तीव्र उतार आणि मागे वजन ओढणं, तिथे लो रेंजला पर्याय नाही, ब्रेकवर पाय न ठेवता गाडी इंजिनवर उतरते, आणि ट्रेलरला रिव्हर्स घेताना क्लच जळत नाही.

पण एक भ्रम काढून टाका, दोन्हीतही पुढच्या किंवा मागच्या ॲक्सलवर वेगळा लॉक नाही. तिरकस दोन चाकं हवेत गेली, पुढचं डावं मागचं उजवं, की ती दोनच फिरत बसतात, आणि मग तुमची सुटका फिरत्या चाकाला ब्रेक लावणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलवर अवलंबून. ते प्रत्येक गाडीत आहेच असं नाही, देशाप्रमाणे, वर्षाप्रमाणे, व्हर्जनप्रमाणे बदलतं, तेव्हा विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, डॅशबोर्डवर त्याचं बटण आणि चावी फिरवल्यावर लागणारा दिवा स्वतः बघा. लो रेंजचंही तसंच, ग्रँड विटाराची काही लहान इंजिनांची व्हर्जन लो रेंजशिवाय आली आणि काही तर नुसती मागच्या चाकांवर चालणारी. नॉबवर ४एल लिहिलेलं दिसलं तरच आहे.

आता इंजिन. विटाराचं २३९३ सीसी पेट्रोल, चार सिलिंडर, टर्बो नाही, साधारण १६६ पीएस आणि ४००० आरपीएमला २२५ न्यूटन मीटर. आकडा ४००० चा आहे हे लक्षात ठेवा, म्हणजे ही गाडी फिरवावी लागते. पाच माणसं आणि सामान घेऊन घाटात तिसऱ्यावर रेंगाळत बसलात तर ती तोंड वाकडं करते, दुसरा टाकून फिरवली की मग खुशीत पळते. पाचच गिअर असल्यामुळे १०० च्या स्पीडला आरपीएम तीन हजारच्या आसपास, लांबच्या प्रवासात आवाज येतो, गाणी जरा मोठ्याने लावा. याच्या बदल्यात तुम्हाला काय मिळतं तर साधेपणा. टर्बो नाही, इंधन फवारणारे महागडे डिझेल इंजेक्टर नाहीत, काजळीचा फिल्टर नाही, टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व आणि पिस्टनची वेळ जुळवायला, चेन आहे. चेन आहे म्हणजे अमर आहे असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. ऑइल कमी ठेवून किंवा वर्षानुवर्षं न बदलता चालवलेल्या गाडीत चेनचा टेन्शनर आणि गाइड झिजतात आणि सकाळी पहिल्या स्टार्टला डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. एखाद सेकंद आला आणि थांबला तर ठीक. चार पाच सेकंद राहिला किंवा गरम झाल्यावरही आला तर किंमत पाडून मागा नाहीतर नमस्कार करून निघा.

डस्टरचं डिझेल १४६१ सीसी, ११० पीएस, आणि साधारण २४० न्यूटन मीटर, तेही १७५० आरपीएमपासून. विटाराच्या जवळपास ६० टक्के आकाराचं इंजिन आणि ओढ तिच्यापेक्षा जास्त, शिवाय डस्टर वजनाने दोनेकशे किलो हलकी. चालत्या गाडीत पाचव्यावरून नुसता पाय दाबला तरी ट्रक मागे पडतो, गिअर खाली टाकायची गरज नाही. पण त्या १७५० च्या खाली ती झोपलेली असते. चढावरच्या ट्रॅफिकमध्ये हे फार जाणवतं, पाय दाबला, काही नाही, काही नाही, आणि मग एकदम धक्का. सवयीने जमतं, पण घरात ज्या दुसऱ्या माणसाने चालवायचीय त्याला टेस्ट ड्राइव्हला सोबत न्या, कारण पहिल्या दिवशी चढावर तीनदा बंद पडली की घरात वाद गाडीवरून सुरू होतो आणि कुठल्या कुठे जातो.

या १.५ डिझेलबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात आणि दोन्ही खरी आहेत. रेनो, निसान, डाशिया, अगदी मर्सिडीजच्या लहान गाड्यांतसुद्धा हे इंजिन बसलं, त्यामुळे स्पेअर भरपूर, हात बसलेले मेकॅनिक भरपूर, आणि नीट सांभाळलेली गाडी लाखो किमी बिनबोभाट जाते. दुसऱ्या बाजूला याच इंजिनाच्या क्रँकचे (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) बेअरिंग शेल झिजून बसल्याच्या कहाण्यापण भरपूर आहेत, विशेषतः जुन्या वर्षांच्या आणि जिथे मॅन्युअलमधल्या लांबच लांब अंतराने ऑइल बदललं त्या गाड्यांत. टर्बो, गरम इंजिन, लहान सिलिंडर, काजळी, सगळं त्या बिचाऱ्या चार साडेचार लिटर ऑइलच्या डोक्यावर. म्हणून डस्टर बघताना मी किलोमीटर नंतर बघतो, आधी ऑइल किती वेळा बदललं ते बघतो. दर दहा हजारला बदललेली दीड लाखाची गाडी मला वीस वीस हजारावर बदललेल्या नव्वद हजाराच्या गाडीपेक्षा केव्हाही चालेल.

आणि टायमिंग बेल्ट. विटाराला चेन, डस्टरला बेल्ट, आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात, हेड उघडावंच लागतं. बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे बदलताना बेल्ट, टेन्शनर, पंप सगळं एकदम, पंपाचे पैसे वाचवणारा माणूस सहा महिन्यांनी तीच मजुरी परत देतो. माझ्याकडे पूर्वी एक डिझेल होती, कंपनीचं नाव नको, सेकंडहँड घेतली तेव्हा मालकाने सांगितलं बेल्ट गेल्याच वर्षी बदललाय. बिल मागायला मला संकोच वाटला, माणूस सज्जन दिसत होता. साडेतीन महिन्यांनी पहाटे हायवेवर टक असा एक आवाज आला, फार मोठा पण नाही, आणि इंजिन शांत. गाडी अजून ऐंशीने चाललेली, पण तिच्यात जीव नाही, फक्त टायरचा आवाज. सोळापैकी अकरा व्हॉल्व वाकले होते, मेकॅनिकने ते पेपरवर ओळीने मांडून दाखवले. तेव्हापासून बिल नसेल तर माझ्या हिशोबात बेल्ट बदललेला नाही, मग समोर कोणीही असो, आणि तो खर्च मी गाडीच्या किंमतीतून आधीच वजा करतो.

ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं दोन भागांचं जड चाक) असलेल्या व्हर्जनमध्ये क्लचसोबत तोही कधीतरी जातो, बंद करताना खालून खडखड आली की समजायचं जवळ आलाय. इंजेक्टर, व्हेरिएबल टर्बो, काजळीने चोक होणारा ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व), काही वर्षांच्या गाड्यांत काजळीचा फिल्टर, हे सगळं डिझेलबरोबर येतंच. रोजचं रनिंग पाच सात किमीचं असेल, पोरांना शाळेत सोडलं आणि भाजी घेऊन परत, तर डस्टर घेऊच नका, इंजिन गरम व्हायच्या आत बंद होतं, काजळी जळत नाही आणि हळूहळू सगळं तुंबतं. आणि तुम्ही राहता तिथे जुन्या डिझेलला काही बंदी किंवा वयाची अट आहे का ते गाडी बघायला जायच्या आधी तपासा.

ॲव्हरेजचा हिशोब करू कारण सगळे शेवटी तिथेच येतात. विटारा मिश्र वापरात लिटरला नऊ दहा, शहरात आठ, पाय जड असला तर सात. डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह चौदा पंधरा सहज, हायवेला त्याहून वर. महिन्याला ८०० किमी चालवणाऱ्याला विटारा साडेनऊने धरली तर ८४ लिटर, डस्टर पंधराने धरली तर ५३, फरक ३१ लिटरचा. महिन्याला २००० चालवणाऱ्याला हाच फरक ७७ लिटर होतो, दर महिन्याला. तुमच्याकडच्या पेट्रोल डिझेलच्या भावाने स्वतः गुणाकार करा. गंमत म्हणजे एका टाकीत दोघी फार लांब नाहीत, विटाराची टाकी ६६ लिटरची, डस्टरची ५०, त्यामुळे पंपावर जायच्या फेऱ्या फारशा बदलत नाहीत, बिल बदलतं.

यातला खरा मुद्दा मला असा दिसतो की विटारा तुमच्याकडून पैसे हप्त्याने घेते आणि डस्टर एकरकमी. विटाराचा खर्च दर आठवड्याला पंपावर दिसतो, टोचतो, पण अंदाज असतो. डस्टर महिनोन्महिने काही मागत नाही आणि मग एके दिवशी बेल्ट, इंजेक्टर किंवा टर्बोचं नाव घेऊन समोर उभी राहते. ज्याच्याकडे गाडीसाठी थोडी रक्कम बाजूला काढलेली आहे आणि रनिंग भरपूर आहे त्याला डस्टर स्वस्तच पडेल. ज्याने होतं नव्हतं ते गोळा करून गाडी घेतलीय आणि महिन्याला पाच सातशे किमीच चालवायचीय त्याने ॲव्हरेजच्या आकड्याला भुलून डिझेल घेऊ नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

स्पेअरचं उलटसुलट आहे. डस्टरचं बरंचसं सामान लोगन, सँडेरोसारख्या खूप खपलेल्या गाड्यांशी जुळतं. विटारा जिथे कमी संख्येने आयात होऊन विकली गेली तिथे एखादा बंपर किंवा हेडलाइटसाठी ताटकळावं लागतं, फिल्टर, ब्रेक, बुश असलं नेहमीचं मात्र मिळतं. विटाराला अजून एक हिशोब, इंजिन सोडून गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल अशी चार ठिकाणी वेगळी ऑइलं आहेत आणि बहुतेक मालकांना त्यातली दोन माहीतच नसतात.

आतल्या जागेत दोन्ही ठीक. विटारात बसलं की जुन्या पद्धतीची भरभक्कम गाडी वाटते, दार बंद केल्याचा आवाजच वेगळा, डस्टरचं प्लास्टिक कडक आणि आवाज पातळ. डिकी ३९८ लिटर विरुद्ध ४०८, म्हणजे सारखीच. विटाराचं स्पेअर चाक मागच्या दारावर आणि दार बाजूला उघडतं, मागे भिंत असेल तर सामान काढायला गाडी पुढे घ्यावी लागते. डस्टरच्या ऑल व्हील ड्राइव्ह व्हर्जनमध्ये मागचं सस्पेन्शन टू व्हील ड्राइव्हपेक्षा वेगळं, स्वतंत्र मल्टिलिंक आहे, खराब रस्त्यावर ती कमाल जाते, या एका बाबतीत मी तिला विटाराच्या वर ठेवीन. सेफ्टीचं सांगायचं तर युरो एनकॅप या क्रॅश टेस्टमध्ये विटाराला २००७ ला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार स्टार आणि डस्टरला २०११ ला एकूण तीन, पण मधे २००९ ला परीक्षेची पद्धतच बदलली, त्यामुळे हे स्टार शेजारी शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही. एअरबॅग किती आहेत ते मोजा.

गेल्या रविवारी दोन्ही गाड्या बघून आलो. फोनवर निक्षून सांगितलं होतं की आम्ही यायच्या आधी स्टार्ट करू नका. विटारावाल्याने ऐकलं, बॉनेट थंड होतं. चावी फिरवली, खर्र असा अर्धा सेकंद आवाज आणि मग शांत. खाली वाकून टायर बघितले तर तीन एका कंपनीचे, एक वेगळ्या, आणि त्या एकट्याची नक्षी नवी कोरी. डेप्थ गेज लावला तर नवीन सात मिमी, बाकीचे तीन साडेतीन. कायम चार चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे वाईट, चाकाचा घेर वेगळा पडला की डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही उसंत नाही. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून ४एच मध्ये अगदी हळू गोल गोल फिरवली, दोन्ही बाजूंना, काच खाली करून. खटखट नाही, उड्या नाहीत. मग थांबून न्यूट्रल, क्लच पूर्ण आत, नॉब ४एल कडे. दिवा लुकलुकत राहिला, लुकलुकतच राहिला, मालक म्हणाला हे मी कधी वापरलंच नाही. गाडी हातभर पुढे सरकवली तेव्हा खट आवाज होऊन दिवा स्थिर झाला. न वापरता पडून राहिलेल्या ट्रान्सफर केसमध्ये असं होतं, नंतर आणखी तीन वेळा केलं तर दरवेळी पटकन पडला. खाली चारही नटांभोवती धूळ बसलेली, म्हणजे ती ऑइलं बहुधा कधी उघडलीच नव्हती.

डस्टर जास्त चमकत होती. पॉलिश, सीट कव्हर, आत सेंटचा वास. पण बॉनेटला हात लावला तर कोमट. मालक म्हणाला, सकाळी जरा पुढे काढून ठेवली. असेलही. चालवायला झकास, लॉक टाकून ओल्या गवताच्या चढावर थांबवली आणि परत उचलली तर जराही न फिरता वर गेली. मावसभाऊ तिथेच प्रेमात पडला, तोंडावर दिसत होतं. मग मी फाइल मागितली. ऑइलची बिलं दोन वर्षांपर्यंतची, व्यवस्थित लावलेली, त्याच्या आधीचं काही नाही. बेल्टचं बिल नाही. विचारलं तर म्हणे कंपनीत झालाय, कागद गाडीतच होता, बघतो. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करू का विचारलं, चार इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार लहान बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन चालू ठेवून बघायचं, एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली की तो इंजेक्टर दमलाय, अर्ध्या तासाचं काम. तो नाही म्हणाला नाही, पण आज नको म्हणाला.

परत येताना मावसभाऊ गप्प होता. त्याचं रनिंग महिन्याला सातशे, वर्षातून दोनदा डोंगरात मोठी ट्रिप आणि मागे कधीतरी बोटीचा ट्रेलर. मी त्याला एवढंच सांगितलं की डस्टरवाल्याने बुधवारपर्यंत बेल्टचं बिल पाठवलं आणि बाटल्या लावू दिल्या तर पुन्हा बोलू, कारण ती गाडी वाईट नव्हती, तिच्याबद्दल आपल्याला काही कळू दिलं जात नव्हतं. आज शुक्रवार, बिल आलेलं नाही. विटारावाल्याशी चार टायर आणि पाचही ऑइलांचे पैसे वळते करून बोलणं चाललंय, उद्या सकाळी पुन्हा थंड इंजिनाला जायचंय, आणि यावेळी गाडी रॅम्पवर चढवून पुढच्या डिफरन्शियलचे बुश मी स्वतः टॉर्च लावून बघणार आहे, त्या दिवशी खाली झोपून ते नीट दिसलेच नाहीत.